गुलाबाचे भरलेले डोळे तीन आठवडे हिरवे राहून नंतर काळे पडतात – मदत हवी आहे

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात मी प्रथमच घरच्या गच्चीवर गुलाबाचे डोळे भरले, म्हणजे एका झाडाच्या फांदीवरचा डोळा (अंकुर) काढून दुसऱ्या झाडाच्या सालीखाली बसवला. पंधरा डोळ्यांपैकी केवळ दोन फुटले. बाकीचे का गेले याचा मला नीट उलगडा होत नसल्याने जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही पिंपळगाव बसवंतजवळ राहतो. ज्या गुलाबाचे कलम करायचे आहे, तो माझ्या माहेरच्या अंगणात आहे. फूल फिकट गुलाबी, दाट पाकळ्यांचे, आणि सकाळी त्याचा वास ओसरीपर्यंत येतो. जातीचे नाव घरात कोणालाही ठाऊक नाही, त्यामुळे रोपवाटिकेत जाऊन तसाच दुसरा मागता येत नाही. येत्या मार्चमध्ये ते घर पाडायचे ठरले आहे, म्हणजे माझ्या हाती एकच हंगाम उरला आहे. झाड मुळांसकट हलवून पाहणार आहेच, परंतु एवढ्या जुन्या झाडाच्या बाबतीत केवळ त्यावर विसंबून राहण्याचे धाडस होत नाही.

आधी त्याची छाट कलमे (फांदीचे तुकडे मातीत लावून केलेली रोपे) करून पाहिली होती. जी जगली, ती आमच्या चुनखडीच्या जमिनीत खुरटली. पाने पिवळी पडत आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहत. गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेले रोप) केले तरी मुळे त्याच झाडाची राहणार, म्हणून काटक खुंटावर, म्हणजे मुळांसाठी घेतलेल्या दुसऱ्या रोपावर, डोळा भरण्याचे ठरवले. विकत आणलेल्या एका गुलाबाचा वरचा भाग मरून खालून जो रानटी फुटवा आला होता, त्याच्या काड्या खुंटासाठी जुलैत कुंड्यांमध्ये लावल्या. डिसेंबरपर्यंत त्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ डोळे भरले. नुकतेच फूल गळलेल्या फांदीवरून, पानाचा देठ तसाच ठेवून, ढालीच्या आकाराचा डोळा काढला, त्यामागची लाकडाची चकती शक्य तेथे सोडवली आणि खुंटावर टी आकाराची खाच घेऊन डोळा सालीखाली सरकवला. पाते दर वेळी स्पिरिटने पुसले होते. डोळ्याचे टोक उघडे ठेवून वर-खाली प्लास्टिकची पट्टी बांधली. चार डोळ्यांचे देठ सुकून तसेच चिकटून राहिले, म्हणजे ते धरलेच नाहीत. उरलेल्या पाचांचे देठ दहा-बारा दिवसांत हलक्या स्पर्शाने गळले आणि डोळे टपोरे, हिरवे होते. एकविसाव्या दिवशी पट्ट्या सोडल्या आणि त्याच दिवशी तीन खुंटांचे शेंडे डोळ्याच्या वर बोटभर अंतरावर छाटले. हेच तीन डोळे पुढच्या आठवड्यात कडेपासून काळे पडत गेले.

जे दोन फुटले, त्यांचे खुंट मी छाटले नव्हते, नुसते वाकवून बांधले होते. त्यामुळे शेंडा एकदम छाटल्यानेच घात झाला असे वाटते. पण त्या दोन्ही कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी होत्या आणि त्यांना दुपारचे ऊन लागत नव्हते, तर बाकीच्या तिन्ही पश्चिमेच्या उन्हात होत्या. दोन कारणे अशी एकत्र आल्याने नेमका दोष कशाचा, हे मला ठरवता येत नाही. आपल्या अनुभवात डोळा फुटून वीतभर वाढेपर्यंत खुंटाची पाने राखतात का, आणि पट्टी किती दिवसांनी सोडतात?

फेब्रुवारीच्या अखेरीस आणखी सहा डोळे भरले, ते सर्व वाया गेले. तेव्हा खुंटाची साल सुटतच नव्हती, फाटून निघत होती. ऊनही वाढले होते. ही चूक माझी मला कळली आहे. या वेळी आठवडाभर आधीपासून खुंटांना भरपूर पाणी देऊन डिसेंबरमध्येच काम उरकणार आहे.

आमच्याकडे द्राक्षाच्या डॉगरिज जातीच्या खुंटावर पाचर कलम (काडीचे टोक पाचरीसारखे तासून खुंटाच्या चिरेत बसवणे) करणारे कारागीर दरवर्षी येतात. त्यांतील एकांनी गुलाबालाही पाचर कलमच करा असे सुचवले. त्यांचा हात विलक्षण सफाईदार आहे, मात्र गुलाबाचे काम त्यांनी केलेले नाही. गच्चीवर, कुंडीतल्या खुंटावर गुलाबाचे पाचर कलम कोणी यशस्वी केले असल्यास काडी किती जून घेतली आणि वरून पिशवी बांधली का, हे कृपया सांगावे. एका पाचर कलमाला दोन-तीन डोळ्यांची काडी खर्ची पडते, म्हणूनही मी साशंक आहे.

शेवटचा प्रश्न तातडीचा आहे. मूळ झाडाची ऑक्टोबरची छाटणी या आठवड्यात करायची आहे. डिसेंबरमध्ये जास्तीत जास्त चांगले डोळे मिळण्यासाठी ती हलकी ठेवावी की जुन्या लाकडापर्यंत न्यावी?