आचारसंहिता हवी खरी, पण निवाडा कोण करणार?

धागाकर्ता:
‘सभ्य माणसाला आचारसंहिता लागत नाही आणि उद्धटाला ती सुधारत नाही’, हे आपल्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या आचारसंहितेच्या (सहभागींच्या वर्तनाच्या नियमांच्या) मसुद्याबद्दल एका सहकाऱ्याचे कालचे विधान मला मुळीच पटलेले नाही. संहिता उद्धटासाठी नसतेच. ज्याचा अपमान झाला त्याला दाद कोठे मागावी हे कळावे, यासाठी ती असते. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स संगणकप्रणालीचा गाभा, या प्रकल्पातही सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच्या वर्तनाबद्दल माफी मागितली आणि त्याच सुमारास नवी संहिता स्वीकारली गेली.

पहिला प्रतिसाद:
ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. एका प्रकल्पात मी एक पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) ‘निकृष्ट’ ठरवला, म्हणून माझे म्हणणे न ऐकताच माझ्यावर दोन महिन्यांची बंदी घातली गेली, आणि निवाडा करणाऱ्या तिघांपैकी एक जण तक्रारदाराचा निकटचा सहकारी होता. अशी संहिता म्हणजे चार जणांच्या हाती दिलेली काठी होय.

धागाकर्ता:
तो दोष निवाड्याचा आहे, संहितेचा नव्हे. दुसऱ्या एका प्रकल्पात माझ्या पहिल्या पॅचला ‘आधी शिकून या’ एवढेच उत्तर मिळाले, कोणीही त्या गृहस्थांना हटकले नाही आणि मी तो प्रकल्प कायमचा सोडला. तुमच्यावरील बंदी दोन महिन्यांत उठली. मी मात्र परत गेलो नाही.

दुसरा प्रतिसाद:
आपण दोघेही मुख्य प्रश्न टाळत आहात. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पाकडे संहिता होती, ती पाळली जाते की नाही हे पाहणारे नियंत्रकही होते. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये संपूर्ण नियंत्रक गटाने राजीनामा दिला, कारण प्रकल्पाचे नेतृत्व करणारा मुख्य गट कोणालाच उत्तरदायी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नेतृत्वालाच नियम लागू होत नसतील, तर नवागतांना ते कोणत्या तोंडाने सांगायचे?

पहिला प्रतिसाद:
मी वेगळे काय म्हणत होतो?

धागाकर्ता:
पुढचेही सांगा. रस्टने संहिता रद्द केली नाही. २०२३ मध्ये मुख्य गटाच्या जागी नेतृत्व परिषद आणली.

पहिला प्रतिसाद:
ठीक आहे. तक्रारदाराच्या निकटवर्तीयाने निवाड्यास बसू नये, आरोप असलेल्याचे लेखी म्हणणे घेतल्याविना बंदी नसावी आणि अपील वेगळ्या व्यक्तींनी ऐकावे, ही तीन कलमे मसुद्यात आली, तर मी विरोधात मत देणार नाही. बाजूने देईन, असे मात्र समजू नये.

धागाकर्ता:
पहिली दोन कलमे आजच घालतो. आपण सारे मिळून अकरा जण आहोत. अपिलासाठी वेगळी माणसे कोठून आणायची, ते कृपया आपणच सुचवावे.