‘अपडेट-स्ट्रीम’मधल्या ‘स्ट्रीम’ला ‘प्रवाह’ म्हणावे का?

तळटीप:
इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांना फाइली पोचवण्यासाठी ॲमेझॉनची जी आयओटी सेवा आहे, तिच्या कमांड लाइन आज्ञांची एक मार्गदर्शिका मी मराठीत लिहीत आहे आणि एका ओळीवर दोन दिवस अडून बसले आहे. ‘अपडेट-स्ट्रीम’ ही आज्ञा काय करते, ते मी ‘आधी तयार केलेला प्रवाह अद्ययावत करते’ असे लिहिले होते. अशी उपकरणे रोज सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने मसुदा वाचला आणि आज्ञा देताच उपकरणांमधल्या फाइली आपोआप बदलतात, असा अर्थ घेतला. प्रत्यक्षात येथे काहीच वाहत नाही. ‘स्ट्रीम’ म्हणजे नाव दिलेली एक यादी आहे. तिच्यात प्रत्येक फाइलीला ० ते २५५ यांमधला एक क्रमांक असतो आणि ती फाइल एस-थ्री या ॲमेझॉनच्या साठवण सेवेतल्या कोणत्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, कोणत्या नावाने ठेवली आहे याची नोंद असते. आज्ञा दिली की ती यादी बदलते आणि स्ट्रीमची आवृत्ती एकाने वाढते. उपकरणाला त्याचा पत्ताही नसतो. मग ‘प्रवाह’ ठेवावा का?

काठावरून:
ठेवावा. ‘प्रवाह’ शब्दातला ‘वह्’ धातू केवळ पाण्याच्या वाहण्याचा नाही, तो ‘वाहून नेणे’ या अर्थाचाही आहे. ‘वाहन’ आणि ‘वाहक’ त्याच धातूचे. फाइल येथून तेथे वाहून नेण्याची सोय, एवढा अर्थ त्यात बसतो. आपल्या सहकाऱ्यांचा गैरसमज इंग्रजी शब्दानेही झाला असता.

रात्रपाळी:
मी हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या पद्धतीत पुढाकार उपकरणाचा असतो. ते एमक्यूटीटीवरून, म्हणजे अशा उपकरणांच्या संदेश पाठवण्याच्या पद्धतीने, मागणी पाठवते की अमुक स्ट्रीममधली अमुक क्रमांकाची फाइल, इतक्या बाइटचा तुकडा, इतक्या तुकड्यांनंतरपासून पुढे द्यावी. तुकडा २५६ बाइटपासून १२८ किलोबाइटपर्यंत असू शकतो. एकदा एका उपकरणाचे नेटवर्क सारखे तुटत होते आणि मधले दोन तुकडे पोचलेच नव्हते. उपकरणाने सारी फाइल पुन्हा न मागता नेमके तेवढेच दोन मागून घेतले, आणि तेव्हा मला ही रचना खऱ्या अर्थाने कळली. आम्ही आपसांत ‘फाइल ओढली’ असेच म्हणतो, ‘फाइल वाहत आली’ असे कोणी म्हणत नाही. उपकरणाने मागणीत आवृत्तीचा आकडा दिला असेल आणि मधल्या काळात कोणी अपडेट-स्ट्रीम चालवली असेल, तर आवृत्ती जुळत नाही अशी चूक परत येते. हे सारे ‘प्रवाह’ या शब्दाने झाकले जाते. माझे मत स्पष्ट आहे: ‘स्ट्रीम’ तसाच राहू द्यावा.

अनुस्वार:
इंग्रजी शब्द तसाच ठेवणे म्हणजे अर्थ सांगण्याची जबाबदारी वाचकावर टाकणे आहे, आणि मला ते पटत नाही. ‘ओढली’ हे तुमचे क्रियापदच वाट दाखवते. ज्यातून ओढायचे तो ‘स्त्रोत’. संस्कृतात त्याचा अर्थ प्रवाह, आजच्या मराठीत उगम किंवा मिळण्याचे ठिकाण. दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळतात.

पूर्णविराम:
सूचना विचार करण्यासारखी आहे, परंतु शब्द ‘स्रोत’ असा लिहावा. धातू ‘स्रु’ आहे, ‘स्राव’ त्यातूनच आला. त्यात ‘स्’नंतर ‘त’ कोठून येणार?

अनुस्वार:
‘स्त्रोत’ हे रूप छापील मजकुरात इतके दिसते की त्याला केवळ चूक म्हणणे मला अवघड वाटते. ‘सहस्र’चे ‘सहस्त्र’ झाले, तसेच हे.

पूर्णविराम:
‘सहस्त्र’ हीसुद्धा चूकच आहे. एका चुकीने दुसरी शुद्ध होत नाही. वापराचा मान मी ठेवतो, पण ज्या शब्दाची निवड तुम्ही व्युत्पत्तीच्या आधारावर करत आहात, त्याची व्युत्पत्ती लेखनात मोडू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. आता मूळ वाक्याविषयी. माझी अडचण ‘प्रवाह’पेक्षा ‘अद्ययावत’शी आहे. ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत, आजपर्यंतचे, ताजे. समजा, नव्या फाइलीत दोष निघाला आणि तुम्ही त्याच आज्ञेने स्ट्रीमला पुन्हा जुन्या फाइलीकडे वळवले. स्ट्रीमची आवृत्ती तेव्हाही एकाने वाढेल, पण यादी अद्ययावत झाली असे म्हणता येईल का?

काठावरून:
हिंदीत ‘अद्यतन’ चालतो, तो घेता येईल.

पूर्णविराम:
तोही आजचाच. पाणिनीने ‘अनद्यतने लङ्’ म्हटले, ते आजचा नसलेल्या भूतकाळासाठी.

तळटीप:
जुन्या फाइलीकडे परतण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, त्याबद्दल मनापासून आभार. क्रियापद मी ‘यादीत फेरफार करते’ असे बदलले आहे. नामाचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि ‘स्ट्रीम’ ठेवायचे ठरवले तरी पुढच्याच वाक्यात लिंगाची अडचण येते. मी आतापर्यंत ‘प्रवाह’च्या धर्तीवर ‘तो स्ट्रीम’ लिहीत होते.

रात्रपाळी:
आमच्याकडे सगळे ‘ती स्ट्रीम’च म्हणतात.

अनुस्वार:
‘टीम’ स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे कानाला ‘ती’ सहज वाटत असेल. पण ‘स्रोत’ घेतला, तर हा प्रश्नच राहत नाही.