कारखाना कुठं बसतो ते सांगणारा वेबरचा सिद्धांत डोक्यात शिरंना, कोणी सांगता का?

लातूरचा_पोरगा: भूगोल करायलोय. थ्यूनेनची (1826) शहराभोवतीच्या शेतीची वर्तुळं कशीबशी कळली, शहराजवळ दूध-भाजीपाला, मग जंगल, मग धान्य, शेवटी जनावरं. पण वेबरचं ते 'वजन घटणारा कच्चा माल' काय समजंना. परवा पेपर आहे, सोप्यात सांगा राव.

चिपाड: अरे भावा उसाकडं बघ की. 100 किलो उसातून साखर निघती 10-11 किलो, बाकी पाणी, चिपाड, मळी. एवढा बोजा लांब कशाला वाहायचा, म्हणून कारखाना फडाच्या जवळ, अन् चिपाड तिथंच बॉयलरला जातं. वरून तोडलेला ऊस वाळतो, साखरेचा उतारा पडतो. मागं आमची ट्रॉली दोन दिवस काट्याच्या लाईनीत उभी होती, वजन किती घटलं विचारू नका, तिथं वेबर चांगला समजला मला 😅

गुरुजी_बीड: उलटं बी ध्यानात ठेव. कोल्ड्रिंकमधी पाणीच जास्त, ते सगळीकडं मिळतं, म्हणून कारखाना गिऱ्हाइकाजवळ.

जालनेकर: मग आमच्या जालन्यात लोखंडाची खाण नाही तरी एवढ्या स्टील मिला कशा?

गुरुजी_बीड: भंगार वितळवतात ना, त्यात वजन फारसं घटत नाही, मग खाणीजवळच बसायची सक्ती राहत नाही. अन् एकाशेजारी दुसरी मिल आली की कामगार, ट्रकवाले, दलाल सगळे आयते भेटतात. त्याला एकत्रीकरण म्हणतात, वेबरनं 1909 मधीच लिहून ठेवलंय.

लातूरचा_पोरगा: आता कळलं. ते थ्यूनेनचं जंगल दुसऱ्याच वर्तुळात का पण?

चिपाड: सरपण. जड असतंय, अन् तवा गॅस कुठं होता.