मनीला मोकळी सोडू नका
ताई, तुमच्या मांजरीच्या, मनीच्या, मोडलेल्या मांडीच्या हाडात रॉड घातलाय आणि ती पिंजऱ्यात रडते, म्हणून मोकळी सोडावीशी वाटते असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून सोडू नका. दुखणं जरा कमी झालं की मांजर थेट कपाटावर उडी घेतं. रॉड सरकला तर पुन्हा ऑपरेशन. हाड जुळायला काही आठवडे लागणारच.

तुमच्या प्रश्नाला वर कुणी दुखण्यावर अर्धी पॅरासिटामॉल द्या म्हणालंय, ते वाचून काळजात धस्स झालं. मांजराच्या यकृताला ती झेपतच नाही, एका गोळीनंही जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेलंच औषध द्या.

आमच्या बोक्याच्या वेळी सोलापुरात मे महिन्याचं ऊन होतं. पिंजरा पत्र्याच्या खोलीतून काढून खाली शहाबादी फरशीवर ठेवला, आत जुनी सोलापुरी चादर चौपदरी घातली. चादरीचे सुटे धागे मात्र कापून टाका, नख अडकतं. शी-शूला वाळूऐवजी कागदाचे तुकडे घाला, वाळू टाक्यांना चिकटते. बँडेजखालची बोटं सुजली किंवा गार लागली तर त्याच दिवशी दाखवा. आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, डॉक्टरांना फोन करा. चिकन उकडलेलं कोमट पाणी देऊन बघा, कांदा-लसूण-मीठ न घालता.