हौशी वादकाची मान कशाने ताठ होते: एकल वादनाने की साथीने?

लेहरेकरी

हौशी वादकाला 'सगळ्यात जास्त अभिमान कधी वाटला' असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमातलं एकल वादन, विशारदचा निकाल, दिवाळी पहाटेत मिळालेली पंधरा मिनिटं. मला हे पटत नाही. जो पोटासाठी वाजवत नाही त्याची खरी कसोटी साथीत लागते, आणि अभिमान बाळगायचाच तर त्याने साथीचा बाळगावा, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगतो. एकल वादनात राग आपला, लय आपली, बसवलेल्या जागा आपल्या. समोर बसलेले निम्मे लोक घरचे, ते टाळ्या वाजवणारच. साथीत मात्र आपल्या वाजवण्यावर दुसऱ्याचं संगीत उभं असतं. आपण डळमळलो तर पडतो तो. म्हणून साथीदाराबद्दल शेजारी बसलेल्या कलाकाराचं मत सर्वांत खरं. ते त्याला तोंडाने सांगावंही लागत नाही, त्याच्या वाजवण्यातून कळतं.

मी पेटीवर लेहरा धरतो. तीनतालाच्या १६ मात्रांची एक ओळ, तीच ती, तासभर. तबलावादक पेशकार मांडतो, कायद्याचे पलटे करतो, रेल्यात शिरतो. लय वाढवायची ती त्याने. लेहऱ्याने आपणहून पळायचं नाही की रेंगाळायचं नाही. चक्रदार सुरू झाली की तो समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, लांब जातो, आडवातिडवा फिरतो आणि शेवटचा 'धा' समेवर आणून टाकतो. त्या क्षणी सम जागेवर असली पाहिजे. ती जागेवर ठेवणं हे माझं काम. लेहरा अर्धी मात्रा सरकला तर ऐकणाऱ्याला वाटतं तबलजी चुकला.

नारायण पेठेतल्या एका घरगुती बैठकीत एका तयारीच्या तबलावादकाने डोळे मिटून चक्रदार घेतली. समेवर आला तेव्हाही त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, इतका त्याचा लेहऱ्यावर भरवसा होता. टाळ्या त्याला पडल्या, त्यालाच पडायला हव्या होत्या. मला याहून मोठी दाद कधी मिळालेली नाही.

ज्यांना पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने लिहा.

विलंबित_ताई

मला पटत नाही. मी कोथरूडला तबल्याचा वर्ग घेते आणि परीक्षांना असं बाजूला सारलेलं मला चालणार नाही.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. प्रात्यक्षिकात नुसतं बसवलेलं वाजवून सुटका नसते. हातावर ताल धरून बोल म्हणायचे, त्यांची दुगुन-चौगुन करून दाखवायची, परीक्षक मध्येच दुसरा ताल विचारणार. माझ्याकडे एक बाई निवृत्तीनंतर शिकायला आल्या. नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसून त्यांनी मध्यमा पूर्ण दिली. निकाल घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना शब्द फुटत नव्हता. त्यांना मी सांगायचं का, की बाई, हा अभिमान दुय्यम आहे, साथ करा मग बघू?

आणि साथीला बोलावतं कोण? आधी कुणाला तरी तुमचं नाव सुचायला हवं. तुम्ही पुरुष आहात, पेटी वाजवता, चार बैठकांना तुमचं जाणं-येणं आहे. माझ्या विद्यार्थिनींना कोण बोलावतं? मुलीने तबला शिकलेला सगळ्यांना कौतुकाचा वाटतो, पण गायकाला तबलजी हवा असला की फोन मुलाला जातो. त्या मुलींना स्वतःची तयारी दाखवायला एकल वादनाचाच मार्ग उरतो. तो मार्ग कमी प्रतीचा ठरवणं अन्यायाचं आहे.

जवारी

दोघांशीही असहमत. श्रोता नको, परीक्षक नको, शेजारी कलाकारही नको.

मी सतार वाजवते, घरी, बहुधा पहाटे. सतारीला मुख्य तारांच्या खाली तरफा असतात, माझ्या सतारीला तेरा आहेत. त्यांना हात लावायचा नसतो. बाजाच्या तारेवर सूर बरोबर लागला की त्या सुरात मिळवलेली तरफ आपोआप बोलायला लागते. जरासा कमी लागला तर गप्प राहते. मींड ओढून गंधारावर पोचायचं आणि तरफेने उत्तर द्यायचं, यात खोटं बोलायला जागाच नाही. लेहरेकरी म्हणतात की शेजारचा कलाकार सर्वांत खरं सांगतो. तो मित्र असू शकतो, थकलेला असू शकतो. तरफ कुणाची मित्र नाही.

मिरजेच्या एका कारागिराकडून मी सतारीची जवारी काढून घेतली. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार योग्य झालं.) तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा तो कानसेने घासत होता, तार लावून ऐकत होता, पुन्हा काढून घासत होता. सतार घरी आणल्यावर यमनचा तीव्र मध्यम लावला आणि खालून तरफ उठली. खोलीत कुणीही नव्हतं. मला अभिमान वाटला तो तेव्हा, आणि त्याला साक्षीदार हवा होता असं आजही वाटत नाही.

लेहरेकरी

@जवारी, तुमचं लिहिणं आवडलं, पण तरफ फक्त सुराचं सांगते. लयीचं सांगत नाही, आणि थांबायचं कधी हे तर मुळीच सांगत नाही. गायकाने श्वास घेतला की तेवढीच जागा भरायची आणि तो सुरू झाला की मागे सरायचं, हे माणसाशेजारी बसल्याशिवाय येत नाही.

@विलंबित_ताई, तुमच्या विद्यार्थिनींना बोलावत नाहीत हा बोलावणाऱ्यांचा दोष आहे. त्याने साथीचं मोल कमी होत नाही.

टोल_टिपरू

तुम्ही सगळे बैठकीतलेच बोलताय. पुण्यात सर्वांत जास्त हौशी वादक कुठे दिसतात? गणपतीच्या आधी नदीपात्रात जा, सरावाला. कॉलेजची मुलं, हिंजवडीला नोकरी करणारे, डॉक्टर, घर सांभाळणाऱ्या बाया. एकाचाही त्यावर चरितार्थ नाही.

मी ढोल वाजवते. कमरेला ढोल बांधलेला, एका हाताने थाप, दुसऱ्या हातात टिपरू. ताशाने इशारा दिला की सगळ्या ढोलांनी एकाच वेळी ठेका बदलायचा. एखाद्याचा टोल मागे राहिला तर लगेच कळतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेलबाग चौकातून निघून टिळक चौकात पोचेपर्यंत खांदे भरून आलेले असतात, बोटं सोललेली असतात. तिथे शेवटचा ठेका एका घावात बंद झाला, एकही टोल मागे उरला नाही. यात माझं एकटीचं काही नव्हतं आणि माझ्याशिवाय ते झालंही नसतं. या अभिमानाला तुम्ही एकल म्हणाल की साथ?

लक्ष्मी_रस्ता

मी त्याच रस्त्यावर राहतो. आजारी आईच्या खोलीच्या खिडक्या गाद्या लावून बंद करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पथक खिडकीखाली आलं की ती कुठल्या कुठे जाते. संगीताचा अभिमान म्हणायचं तर ज्याला ते नको आहे त्याचाही विचार हवा. बैठकीतून उठून जाता येतं, स्वतःच्या घरातून कुठे जायचं? माणसांच्या संख्येने आणि आवाजाने छाती दडपवणं याला मी वादन म्हणत नाही.

टोल_टिपरू

तुमच्या आईंबद्दल मनापासून वाईट वाटतं. आमच्या पथकात रुग्णालयासमोर वादन बंद ठेवण्याचा नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. घरातल्या आजारी माणसांसाठीही असं काही व्हायला हवं, हे मान्य. पण 'वादन म्हणत नाही' हे मान्य नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकात जास्तीत जास्त ३० जण अशी मर्यादा घातली, तिला त्याच गणेशोत्सवात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तो वाद आवाजाचा आणि गर्दीचा होता, तो होऊ दे. पन्नास जणांनी एका टोलावर थांबणं ही लयीची गोष्ट आहे आणि ती महिनोन्महिने घाम गाळल्याशिवाय जमत नाही.

पालखी_विठोबा

मी पखवाज वाजवतो, भजनात. आमच्याकडे 'अभिमान' हा शब्द जरा अडखळत येतो, तरी सांगतो.

ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते तेव्हा रात्री ठिकठिकाणी भजन चालू असतं. मी अनोळखी दिंडीच्या कडेला टाळ घेऊन उभा होतो. पखवाजवाले बुवा दिवसभर चालून आलेले, हात जड झालेला. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, विचारलं, 'वाजवता का माऊली?' आणि पखवाज माझ्याकडे सरकवला. धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची, कणीक वाळत आली होती, पाण्याचा हात लावून घेतला. पुढचे अभंग मी धरले. तिथे श्रोता कुणीच नव्हता, सगळे गात होते. माझं नाव कुणी विचारलं नाही.

लेहरेकरी, तुमच्या बाजूने मत देतो. फक्त त्याला कसोटी म्हणू नका. बुवांनी माझी परीक्षा घेतली नाही, हात थकला म्हणून वाद्य दिलं.

सदाशिव_पेठ

साथीचे एवढे गोडवे गाताना सगळे एक गोष्ट विसरताहेत. 'साथीदाराने पुढे पुढे करू नये, त्यातच त्याचं मोठेपण' हे वाक्य साथीदाराला मागे ठेवण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. पत्रिकेत नाव बारीक, बिदागी कमी, बसायची जागा बाजूला. १९४० पासून सुमारे तीस वर्षं आकाशवाणीने संवादिनीला, म्हणजे पेटीला, दारही उघडलं नव्हतं. आपण पुणेकर सवाईहून परतताना गायकाने काय गायलं यावर वाद घालतो. पेटीवर कोण होतं हे कितीजण सांगू शकतील?

ही स्थिती बदलली ती एकल वादनानेच. थिरकवाँ खाँसाहेबांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ केली. त्याच खाँसाहेबांनी नुसता तबला ऐकायला लोकांना तासन् तास बसवलं आणि १९७० मध्ये पद्मभूषण मिळवलं. सनई लग्नमंडपाच्या दारात होती, तिला बिस्मिल्ला खाँसाहेबांनी मैफलीत आणून बसवलं. 'साथीतच धन्यता' मानली असती तर यातलं काही झालं नसतं. म्हणून हौशी माणसाने दहाच मिनिटं का होईना, मधोमध बसून वाजवावं आणि त्याचा खणखणीत अभिमान बाळगावा.

लेहरेकरी

तुम्ही सांगितलेला अन्याय खरा आहे, पण तो ज्यांची रोजीरोटी वाद्यावर होती त्यांच्यावरचा. त्यांना मधली जागा मिळवावीच लागली, नाहीतर मान नाही आणि पैसाही नाही. मी बँकेत काम करतो. माझं घर पेटीवर चालत नाही. कुणाच्या पुढे बसायची मला गरज नाही, म्हणूनच मला कडेला बसून निखळ आनंद घेता येतो. ही हौशी माणसाची श्रीमंती आहे आणि ती मी सोडणार नाही.

झपताल_१०

विलंबित_ताईंचं वाचून लिहिते आहे. मी तबला वाजवते, वकिली करते.

सहकारनगरला एका घरी गाणं होतं. ठरलेला तबलजी चांदणी चौकात अडकला. गायिकाबाईंनी विचारलं, 'कुणी ठेका धरेल का?' यजमानीणबाईंनी माझं नाव घेतलं, कारण गेल्या वर्षी त्यांनी माझं एकल वादन ऐकलं होतं. विलंबित एकताल, १२ मात्रा, आणि लय अशी की एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट लागत होतं. दोन मात्रांमध्ये एवढी रिकामी जागा असते की हात काहीतरी भरायला शिवशिवतात. 'तिरकिट' सावकाश, मोजून, न घाबरता सोडायचं. मी फक्त ठेका दिला. एकही तुकडा घेतला नाही. बाईंची बढत, रागाचा सावकाश विस्तार, माझ्या ठेक्यावर निवांत चालली होती, त्या कुठेही घाईत समेवर आल्या नाहीत.

नंतर त्यांनी शाबासकी दिली नाही. डायरी काढली आणि विचारलं, 'पुढच्या महिन्यात मोकळ्या आहात का?' माझा अभिमानाचा क्षण हाच.

लेहरेकरी म्हणतात तसा तो साथीतला आहे. पण ते एकल वादन झालं नसतं तर माझं नाव कुणी घेतलं नसतं. कडेला बसायचा आनंद निवडता येतो तो ज्याला मधोमध बसायची मुभा आहे त्याला. मला ती मुभा मागावी लागली.

जवारी

@झपताल_१०, 'एकही तुकडा घेतला नाही' हे वाचून अंगावर काटा आला. तरीही मी माझ्या पहाटेच्या मतावर ठाम आहे.

विलंबित_ताई

@झपताल_१०, मला जे नीट मांडता आलं नाही ते तुम्ही मांडलंत.

@लेहरेकरी, माझी एक विद्यार्थिनी फेब्रुवारीत आमच्या वर्गाच्या कार्यक्रमात झपताल वाजवणार आहे, पाऊण तास, तिचं पहिलंच एकल वादन. मशीनवरचा लेहरा मला नको आहे. चंद्रकंसात १० मात्रांचा लेहरा धराल का? सरावाला दोन-तीनदा यावं लागेल. लय ती ठरवेल आणि वाढवायची तेव्हा तीच वाढवेल. आणि सदाशिव_पेठ यांचं ऐकून आधीच सांगते, पत्रिकेत तुमचं नाव तिच्या नावाएवढ्याच अक्षरात छापणार, तुम्हाला नको असलं तरी.

लेहरेकरी

धरतो. पेटी माझी मी आणतो. तिची पट्टी कळवा.