रविवारचा समुद्रकिनारा, दीडशे कार आणि 47 गुंठे जागा: पार्किंग कसं बसवायचं?

खानापूर_सिव्हिल
नमस्कार मंडळी. कारवार तालुक्यातल्या एका किनारी गावाच्या पंचायतीसाठी पार्किंगचा आराखडा करायला घेतलाय. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. हायवे 66 पासून किनारा दीड किलोमीटर, मधला डांबरी रस्ता साडेपाच मीटर रुंद. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, गोवा, सगळीकडच्या गाड्या दुपारी चारनंतर येतात. रविवारी एका वेळी उभ्या असलेल्या मोजल्या तर 150 च्या आसपास कार, 320 दुचाकी, पाच-सहा टेम्पो ट्रॅव्हलर. किनाऱ्याच्या अलीकडे 80 बाय 60 मीटरचं शेत भात कापल्यावर भाड्यानं मिळतंय, फोटो सोबत टाकलाय. मुरूम टाकायचा की काँक्रीट? पैसे आत येताना घ्यायचे की बाहेर जाताना? आणि मुळात जागा पुरेल का?

टिळकवाडीकर
पुरेल, पण आखलं तरच. कारला अडीच बाय पाच मीटरचा खण धरा, इनोव्हा त्यात बसते. समोरासमोर दोन रांगा आणि मध्ये सहा मीटरची वाट, असा 16 मीटरचा एक पट्टा होतो. 60 मीटरात तीन पट्टे बसतात, 12 मीटर उरतात. लांबीच्या दोन्ही टोकांना सहा-सहा मीटर आडवी वाट सोडली की 68 मीटर राहतात, म्हणजे रांगेत 27 कार. सहा रांगांच्या 162.

उरलेल्या 12 मीटरात दुचाकी. दोन मीटर रांग, दोन मीटर वाट, परत दोन मीटर रांग, असं दोनदा. गाडीला 80 सेंटिमीटर दिलं तर चार रांगांत 340. दुचाकींना गेट वेगळं द्या, नाहीतर कारच्या रांगेतून घुसून त्या सगळ्यांना अडकवतात. टेम्पो ट्रॅव्हलर आत घेऊच नका, वळायलाच त्यांना तीन खण लागतात. त्यांची सोय हायवेजवळ करा.

काँक्रीट नको. भाड्याचं शेत आहे, मालक पुढच्या वर्षी देणारच नाही. सगळीकडे 15 सेंटिमीटर मुरूम टाकला तर 254 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागेल. फक्त कारच्या वाटांवर टाकला तर 103 ब्रासमध्ये भागतं. कार धसकटावर उभी राहिली तर काही बिघडत नाही, रुततं ते चाक फिरतं तिथं. फक्कीच्या रेघा एका रविवारात पुसतात. काथ्याची दोरी लाकडी खुंट्यांवर ताणा आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी एक चिरा (जांभा दगड) ठेवा. लोखंडी खुंट्या नकोत, टायरात घुसतात.

शहापूर_ट्राफिक
वरचं गणित बरोबर आहे, पण सगळे शेतातच हिशेब करूलेत. कोंडी शेतात होत नाही, गेटावर आणि हायवेच्या तोंडावर होते.

आधी गेट. रोख घेऊन सुट्टे परत द्यायला एका कारमागे 20 सेकंद धरा, म्हणजे तासाला 180. चार ते पाचमध्ये 240 आल्या तर 60 बाहेर तुंबतात. एक गाडी साडेसहा मीटर धरली तर 390 मीटरची शेपटी रस्त्यावर! म्हणून दर 50 असा सरळ ठेवा, आणि दोन पोरं पावतीपुस्तक घेऊन रांगेत पुढं चालत जाऊ देत. गर्दीत नेटवर्क बसतं तेव्हा यूपीआयचं चक्र फिरत राहतं, त्यामुळं क्यूआर असला तरी रोखीची तयारी ठेवाच.

बाहेर जाताना पैसे अजिबात नकोत. येणारे दोन-तीन तासांत विभागून येतात, जाणारे सूर्य बुडाला की सगळे एकदम. तेव्हा गेट उघडं टाकायचं.

आता खरं दुखणं. हायवेला उजवीकडे वळणाऱ्याला दोन्ही बाजूची वाहनं चुकवायची असतात. संध्याकाळी एका कारला फट मिळायला 15-20 सेकंद गेले, तर 160 कारना 40 ते 53 मिनिटं. शेत कितीही मोठं केलं तरी ही वेळ कमी होत नाही. सहा ते साडेसात सगळ्यांना सक्तीनं डावीकडे वळवा आणि दुभाजकाच्या पुढच्या उघडीपाशी यू-टर्न द्या. एक हवालदार आणि सहा ट्रॅफिक कोन एवढ्यात होतं.

रापणकर
दोन गोष्टी सुटल्यात. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर एक कार कडेला लागली की साडेतीन मीटर उरतो. मग समोरासमोर आलेले दोघंही हटत नाहीत, आणि मासळी आणायला आलेला बर्फाचा टेम्पो मध्येच अडकतो. दोन्ही कडेला दर दीड मीटरवर एक चिरा पुरा. नुसत्या बोर्डाला कोण जुमानत नाही वो.

दुसरं, वाळूत गाडी जाऊच देऊ नका. मर्यादवेल चाकाखाली गेली की वाळू सुटते. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते. मागच्या रविवारी पाणी इथवर आलं नव्हतं, असं म्हणून लावलेली गाडी अमावस्या-पुनवेला बुडते. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबायचा नाही, चाक आणखी खाली जातं. हवा 32 वरून 16-18 पर्यंत उतरवून, चाकापुढची वाळू काढून हळू बाहेर घ्यायची. आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची जागा दोरीनं बंद करा, तिथं गाडी लागली तर भांडण ठरलेलं.

खानापूर_सिव्हिल
डावीकडे वळवायचं डोक्यातच आलं नव्हतं. ट्रॅव्हलरवाल्यांना हायवेपासून आणायला एक 14 सीटचा टेम्पो पुरेल काय? आणि नो पार्किंग पंचायत स्वतः जाहीर करू शकते का?

टिळकवाडीकर
जाऊन-येऊन 15 मिनिटं धरली तर एक टेम्पो तासाला 56 माणसं आणतो. सहा ट्रॅव्हलर भरून आले तर 80 च्या पुढं माणसं. दोन टेम्पो ठेवा.

नुसत्या ठरावावर दंड होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 115 वाहतूक बंदीसाठी, 117 पार्किंगच्या जागा ठरवण्यासाठी. नकाशा जोडून तहसीलदार आणि पोलिसांमार्फत डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे) प्रस्ताव द्या. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. मे महिन्यासाठी तेवढं चालतं. शेत भरतीरेषेपासून किती लांब आहे तेही मोजा. 500 मीटरच्या आत असेल तर मुरूम टाकण्याआधी सीआरझेडचं (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचं) बघावं लागेल.

रापणकर
फोटो बघितला. मधे सुरूची झाडं आहेत, त्यामुळं शेत लांब वाटतंय. टेप लावूनच मोजा.