आकडे घटले म्हणजे मार घटला का? (लॉकडाऊन, मुलं आणि आमचा मेहुणा)

अडकित्ता

परवा जेवताना घरात वाद झाला, तो इथे आणतोय. मेहुणा म्हणाला, "लॉकडाऊनने एक बरं केलं, पोरं आईबापांच्या नजरेसमोर राहिली. गुन्ह्यांचे आकडेच बघ." बघितले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत मुलांविरुद्धचे गुन्हे २०१९ साली १,४८,१८५ आणि २०२० साली १,२८,५३१. तेरा टक्के घट. महाराष्ट्रात तर १९,५९२ वरून थेट १४,३७१. मेहुण्याची कॉलर ताठ.

पण त्याच वर्षी २० ते ३१ मार्च या दिवसांत चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेच्या १०९८ नंबरवर तीन लाखांवर फोन आले, आणि त्यातले ९२ हजार मारहाण-अत्याचारापासून सोडवा म्हणणारे होते, अशी बातमी एप्रिलमध्ये सगळ्या पेपरांत होती. म्हणजे फोनचा पूर आणि गुन्ह्यांची ओहोटी, एकाच वर्षात.

माझं मत सांगून टाकतो. पोलिसांचा आकडा मार किती बसला याचा नसतोच, तो मार कोणी बघितला याचा असतो. एरवी कोण बघतं? शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, डोस द्यायला आलेली नर्स, रविवारी येणारी आजी. मार्च २०२० मध्ये हे सगळे एका रात्रीत उंबऱ्याबाहेर गेले आणि मारणारा आत राहिला. पोराने फोन करायचा म्हटला तरी घरात मोबाइल एक, तोही बापाच्या खिशात. पुढे दारं उघडली तशी संख्याही वर आली: २०२१ मध्ये १,४९,४०४, २०२२ मध्ये १,६२,४४९.

मेहुण्याला हे पटलेलं नाही. तुम्हाला?

नीरक्षीर

एक मत मेहुण्याला.

फोन म्हणजे गुन्हा नव्हे. त्या दिवसांत अख्खा देश कुणाला ना कुणाला फोन करत होता. औषध मिळेना, गाडी मिळेना, रेशन मिळेना. त्यातून 'अत्याचाराचे ९२ हजार' असा मथळा बेतणं सोपं आहे. एका फोनमागे एक मार खाल्लेलं मूल, असं मोजता येत नाही.

दुसरं, तुमच्या मांडणीत मोठी सोय आहे. आकडा वाढला तर अत्याचार वाढले, घटला तर ते लपले. मग तुमचं म्हणणं चुकीचं ठरायला नेमकं काय दिसावं लागेल ते सांगा. काहीच दिसून ते चुकीचं ठरणार नसेल, तर ते ज्योतिष झालं.

वाळवण

नीरक्षीर, अगदी मनातलं बोललात. आमच्या घरी त्या दोन महिन्यांत पत्त्यांचे दोन कॅट फाटले. यांनी पहिल्यांदा मुलाला सायकलची चेन बसवायला शिकवलं. मुलगी कणीक मळायला शिकली. सगळं काही गोडगोड नव्हतं, आदळआपट होत होती, एकदा माझाही हात उठला. पण म्हणून घरोघरी छळछावण्या होत्या असं लिहायचं का? आईबाप म्हटलं की आधी संशय घ्यायचा ही हल्लीची फॅशनच झाली आहे. पाठीत एक धपाटा घातला तर आता पोलिसांत नोंद करायची?

अडकित्ता

वाळवणकाकू, धपाट्याबद्दल कुठे बोललोय मी? तुमच्या घरी पत्ते होते, खोल्या होत्या, यांचा पगार चालू होता. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, काम बंद आणि दारूची दुकानं उघडल्याबरोबर लागलेली रांग, हेही घरच होतं.

वाळवण

म्हणजे गरीब मारतात आणि आम्ही पत्ते खेळतो? छान.

फोडणीचा_भात

दोन्ही बाजू एकूण बेरजेवरून भांडताय. जरा आतली फोड बघू या (नावाला जागतो).

'मुलांविरुद्धचे गुन्हे' या गाठोड्यात सगळ्यांत मोठा वाटा अपहरणाचा असतो. २०१९ मध्ये ४६.६ टक्के, २०२० मध्ये ४२.६ टक्के. टक्क्यांवरून गणित केलं तर साधारण ६९ हजारांवरून पावणेपंचावन्न हजार. एकूण घट साडेएकोणीस हजारांची, त्यातले चौदा हजार इथेच गेले. आणि हे 'अपहरण' म्हणजे सिनेमातली काळी व्हॅन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण धरून गुन्हा नोंदवतात. त्यात रागावून घर सोडलेली मुलं असतात आणि सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर पळाली तर तीही असते. एसटी बंद, रेल्वे बंद, नाक्यावर पोलीस. पळून जाणार कुठे?

याउलट पॉक्सोखालचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालचे) गुन्हे दोन्ही वर्षी ४७ हजारांच्या आसपासच. दोन-अडीच महिने देश कुलूपबंद असूनही ते हलले नाहीत. त्यातल्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत आरोपी शंभरातल्या ९५ हून जास्त वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो हे लक्षात घेतलं, की का हलले नाहीत तेही कळतं.

तेव्हा मेहुण्यांची तेरा टक्के घट ही मुख्यतः 'गाड्या बंद होत्या' याची नोंद आहे. घरात काय झालं ते तिला माहीतच नाही. पण अडकित्ता, म्हणून घरातला मार वाढला हेही सिद्ध होत नाही.

नीरक्षीर

हे पटलं. मेहुण्याला दिलेलं मत परत घेतो. अडकित्ता, तुम्हाला मात्र देत नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत शाळेत काम करते. इकडे तक्रार करणं शिक्षकांना कायद्यानेच बंधनकारक. साथीआधी देशभरच्या तक्रारींपैकी पाचातली एक शाळांतून यायची. शाळा ऑनलाइन झाल्या आणि तक्रारी कोसळल्या. अत्याचार वा दुर्लक्ष सिद्ध झालेली मुलं २०१९ मध्ये साडेसहा लाखांच्या वर होती, २०२० मध्ये सहा लाख अठरा हजारांच्या घरात. वर्गात बसलेलं मूल पाठ टेकताना कळवळलं तर मला दिसतं. स्क्रीनवर मला कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा, कॅमेरा चालू असला तर.

इकडच्या सीडीसीचा, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा, एक अभ्यास होता. अत्याचाराच्या कारणाने आपत्कालीन विभागात येणारी मुलं २०२० मध्ये घटली, पण आलेल्यांपैकी भरती करावी लागणाऱ्यांचं प्रमाण २.१ वरून ३.२ टक्क्यांवर गेलं. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात २३ मार्च ते २३ एप्रिल २०२० या एका महिन्यात मारहाणीने डोक्याला इजा झालेली दहा लहान मुलं आली. आधीच्या तीन वर्षांची सरासरी महिन्याला एकाहून कमी होती.

नीरक्षीर

ताई, दोन्ही अभ्यास माहीत आहेत आणि दोन्ही अर्धेच सांगितले जातात. किरकोळ दुखापतीवाले लोक संसर्गाच्या भीतीने दवाखान्यात गेलेच नाहीत, तर भाजक घटला आणि टक्का आपोआप वाढला. गंभीर जखमी मुलांची संख्या वाढली असं त्यातून निघत नाही. आणि लंडनची दहा मुलं म्हणजे एक रुग्णालय, एक महिना. त्याच प्रकारच्या डोक्याच्या इजेचा अमेरिकेतल्या ४९ बालरुग्णालयांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात भरती होणारी मुलं घटलेली दिसली. ही इजा काही लपवता येणारी नव्हे. तान्हं मूल बेशुद्ध पडल्यावर संसर्गाला घाबरून कोणी घरी बसत नाही.

हडसनकाठ

तोही वाचलाय. त्याचं एक कारण लोक असं सांगतात की रडणाऱ्या बाळाबरोबर एकटा, झोप न झालेला माणूस असतो तेव्हा बाळाला गदागदा हलवलं जाण्याचा धोका जास्त. लॉकडाऊनमध्ये घरात हात दुप्पट झाले. शिवाय सरकारने बहुतेक प्रौढांना माणशी १२०० डॉलरपर्यंत मदत पाठवली होती. पण हे अंदाज आहेत, सिद्ध कुणी केलेलं नाही.

आणखी एक. इकडच्या आकड्यांत तीन चतुर्थांश मुलं 'दुर्लक्ष' या सदरातली असतात. मार नव्हे. जेवण नाही, घरात कोणी मोठं नाही, औषधपाणी नाही.

फोडणीचा_भात

आपल्या अहवालांत या 'दुर्लक्षा'ला धड रकानाच नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ७५ आहे, मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. सगळी मेख 'जाणूनबुजून'मध्ये. बारा तास कामावर गेलेल्या आईला ते कलम कसं लावणार? आणि लावू नयेच. गरिबीला दुर्लक्ष म्हणायची अमेरिकन खोड आपण उचलू नये.

हडसनकाठ

या खोडीवर इकडेही भरपूर टीका होते. काळ्या आणि गरीब घरांतली मुलं याच सदराखाली उचलली जातात. साथीत चौकशा घटल्या तरी आभाळ कोसळलं नाही, असं म्हणणारेही आहेत.

खडूमास्तर

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. धागा पहिल्यापासून वाचतोय. तुमच्या त्या गाठोड्यातला एक आकडा कोणी काढला नाही, तो सांगतो. बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे. २०१९ मध्ये ५२३, २०२० मध्ये ७८५. एकूण बेरीज घटत असताना हा दीडपट झाला. आणि ही फक्त कोणीतरी फोन केल्यामुळे थांबलेली किंवा पकडलेली लग्नं. आमच्या जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांत त्रेचाळीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत आहे.

लॉकडाऊनने काय केलं ते सांगतो. एरवी दिवाळीच्या आसपास गाव ऊसतोडीला जातं. मुलं आजीआजोबांपाशी राहतात, हंगामी वसतिगृहात दोन वेळा जेवतात, शाळेत येतात. त्या साली शाळाच बंद, आमच्या गावात वसतिगृह चाललं नाही, म्हाताऱ्यांना साथीची भीती. मग पोरगी उसाच्या फडावर न्यायची किंवा मागे एकटी ठेवायची. तेरा-चौदा वर्षांची मुलगी पालाच्या कोपीत राहणार, आईबाप पहाटे चारला उसात. लोकांच्या जिवाला घोर लागतो. त्यात लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी. मांडव नाही, गावजेवण नाही, दोन लाखांचं काम वीस हजारांत. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तेव्हा मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला. लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. सगळी गणितं एकाच बाजूला झुकली.

माझ्या आठवीच्या वर्गातल्या सव्वीस मुलांतल्या चार मुली परत आल्या नाहीत. मारलं कुणी नाही त्यांना. आईबाप प्रेमाचेच होते. आता सांगा, याला अत्याचार म्हणायचं, दुर्लक्ष म्हणायचं की गरिबी?

वाळवण

मास्तर, तीनदा वाचलं. चौदा म्हणजे माझ्या मुलीचं तेव्हाचं वय. मी वर जे लिहिलं ते माझ्या घरापुरतं होतं, हे मान्य. तरी एक विचारते, आई त्या मुलीला एकटी सोडून गेली असती आणि काही बरंवाईट झालं असतं, तर हेच लोक तिला बोलले असते ना?

खडूमास्तर

बोलले असते. म्हणून तर मी तिला दोष देत नाही.

नीरक्षीर

मास्तर, जरा कठोर प्रश्न विचारतो, राग मानू नका. त्या चार लग्नांची तक्रार झाली का? गावात तेव्हा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असायचा. तुम्ही त्यांना कळवलंत?

खडूमास्तर

दोन लग्नं फडावरच लागली, मला चार महिन्यांनी कळलं. तिसरं ऐकून होतो, खात्री नव्हती. चौथं माहीत होतं. हळद लागायच्या आदल्या रात्री पोरीच्या भावाने मला फोन केला होता.

नाही कळवलं. तिच्या बापाला मी पहिलीपासून ओळखतो. समजावायला गेलो, चहा पिऊन परत आलो. लग्न झाल्यावर कळवायचं तर बाप आणि एकोणीस वर्षांचा नवरा दोघं आत, पॉक्सो लागणार, आणि पोरगी कुठे जाणार? तेव्हा शहरातल्या बालगृहांतही नवीन मूल घेताना दहा अडचणी सांगत होते.

नीरक्षीर

म्हणजे अडकित्ता म्हणतात ते 'बघणारे' बाहेर नव्हतेच. एक बघणारा घरात चहा पिऊन आला, तरी आकडा शून्यच राहिला. तुम्हाला हिणवायला नाही म्हणत. शाळा चालू असतानाही असं होत असणार, एवढंच. मग साथीआधीचे आकडे तरी कशाच्या आधारावर खरे धरायचे?

अडकित्ता

इथे माझी बोलती बंद. मी धरून चाललो होतो की बघितलं की नोंद होते.

फोडणीचा_भात

त्या मुलीची हजेरीपटावर नोंद काय आहे, मास्तर?

खडूमास्तर

'स्थलांतरित'. चौघींचीही तीच.

हडसनकाठ

मास्तर, चौथी मुलगी आता कुठे आहे, माहीत आहे का?

खडूमास्तर

आहे ना. शेजारच्या तालुक्यात दिली आहे. तीन वर्षांचा मुलगा आहे, त्याला यंदा अंगणवाडीत घातला. मध्यंतरी भेटली तेव्हा विचारत होती, सर, दहावी देता येईल का.

वाळवण

१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते ना? आमच्या कामवाल्या बाईंच्या सुनेने दिली होती. पुस्तकं माझ्याकडे आहेत, पाठवते. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

खडूमास्तर

फॉर्म भरता येतो, काकू. पुस्तकं पाठवा, पोचवतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि तेव्हा ते उसात असतात. मुकादमाशी बोलून बघतो.